स्टॉकहोममध्ये ठेवलेली मशीन

"लिखके ले लो, क्लाउड का काम बीरगांववाली ही पकड़ेगी. दूसरीवाली तो पूछो तब भी नहीं बोलती."

सर हे बोलले तेव्हा मी त्यांच्या केबिनबाहेर पाण्याच्या कूलरपाशी बाटली भरत होते. बाटली अर्धीच भरली होती. मी नळ बंद केला, म्हणजे पुढचं नीट ऐकू येईल.

"दूसरीवाली की अंग्रेज़ी अच्छी है, सर," सॉफ्टवेअर लिहिणारे आमचे भैया म्हणाले.

"तो सेठ लोग अंग्रेज़ी में धान ख़रीदते हैं क्या?"

दोघं हसले. मी अर्धी बाटली घेऊन जागेवर आले. बीरगांववाली माझ्या शेजारच्याच खुर्चीवर बसून डब्यातली बोरं खात होती. तिनं दोन माझ्यापुढे केली. मी घेतली, कारण नाही म्हणायला काहीतरी बोलावं लागलं असतं.

आमचं ऑफिस सदर बाजारातून आत जाणाऱ्या एका गल्लीत, एका कापडाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आहे. सर राइस मिलसाठी सॉफ्टवेअर बनवतात. ट्रकमधून किती धान आलं, ओलावा किती होता, तांदूळ किती निघाला, असं सगळं त्यात येतं. ते लिहिलं भैयांनी. बरेच दिवस ते मिलच्याच ऑफिसात ठेवलेल्या एका कॉम्प्युटरवर चालायचं. उंदरानं वायर कुरतडली, लाइट गेली, मुनीमजींनी स्वच्छतेच्या भरात प्लग काढला, की भैयांना मोटारसायकल काढून धमतरीपर्यंत जावं लागे. म्हणून सरांनी ठरवलं की आता सगळं क्लाउडवर न्यायचं. त्यासाठी दोन मुली तीन महिन्यांच्या ट्रेनिंगवर घेतल्या. एक ती, एक मी. तीन महिन्यांनी दोघींतली एकच त्या कामावर पक्की होणार, हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. दुसरीला हवं असेल तर मिलच्या कागदी स्लिपांच्या एंट्रीवर बसवू, असंही म्हणाले होते.

मी इंग्रजी शाळेत शिकले. वडील रेल्वेत, आम्ही गुढ़ियारीकडच्या बाजूला राहतो. घरात आई नागपुरी मराठीत बोलते आणि मी हिंदीत उत्तर देते. शाळेत नन आम्हाला मराठीच काय, हिंदीतही बोलू द्यायच्या नाहीत, आणि इंग्रजीत बोलायला माझ्यापाशी कुणी नव्हतं. त्यामुळे मी तिन्ही भाषांत गप्प राहायला शिकले. लोकांना वाटतं ही भोळी आहे, लाजते. लाजते हे खरं आहे.

तिचे वडील उरल्याच्या एका कारखान्यात कामाला. तीही मराठीच, मूळ भंडाऱ्याकडची, पण शिकली सरकारी हिंदी शाळेत. माझ्याहून पाचच महिन्यांनी लहान असून मला दीदी म्हणायची. आणि माझ्याशी मराठीतच बोलायची, मी हिंदीत उत्तर दिलं तरी. जणू मी आज ना उद्या वळेन याची तिला खात्री होती.

पहिल्या आठवड्यात आम्ही एका क्लाउड कंपनीकडे खातं उघडलं. फॉर्ममध्ये पत्ता, फोन, कार्ड. सरांनी स्वतःचं कार्ड दिलं आणि त्यावर आलेला कोड भैयांनी मोठ्यानं वाचला, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असा. मुख्य पासवर्ड सरांच्या डायरीत गेला. आम्हा दोघींसाठी एक वेगळं लॉगिन केलं. एकच. सर म्हणाले, "दो-दो की क्या ज़रूरत, साथ ही तो बैठती हो." आम्हा दोघींत कॉम्प्युटरही एकच होता. घरात एक स्कूटी असली की जसं होतं तसं ते होतं. जी आधी येईल तिच्या हातात.

खातं उघडल्यावर जे पान आलं ते बघून मीसुद्धा घाबरले होते. दोनशेच्या वर सेवा, सगळ्यांची नावं अशी की नावावरून काही कळू नये. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"दीदी, हे सगळं आपल्याले लागते?"

"नहीं. एक-दो ही."

"मग बाकीचे काहून ठेवले?"

मला हसू आलं, पण मी हसले नाही. मी घरी जाऊन तीन दिवस वाचत राहिले. कंपनीच्या सूचना, लोकांचे प्रश्न, त्यांची उत्तरं. इन्स्टन्स म्हणजे दूर कुठेतरी भाड्यानं घेतलेला कॉम्प्युटर. तो कोणत्या शहरात घ्यायचा ते आपण निवडायचं. पानाच्या वर उजव्या कोपऱ्यात त्या शहराचं नाव दिसतं, आणि यादीत फक्त त्याच शहरातल्या मशीन दिसतात. मी मुंबई निवडून दिली. डब्याच्या वेळी हे सगळं मी तिला समजावून सांगितलं. शहरांचा भाग मात्र मी सांगितला नाही. तेव्हा मुद्दाम नव्हतं, विसरलेच होते. तिनं वहीत लिहून घेतलं, इंग्रजी शब्द देवनागरीत. मी म्हणाले होते, हिंदीतच, की जसं छोटे शेतकरी धान घरात ठेवत नाहीत, गोदामात भाड्यानं जागा घेतात, तसंच हे. गोदाम कुठं आहे ते आपल्याला बघायला जावं लागत नाही, पावती आपल्याकडे असली म्हणजे झालं.

दुसऱ्या दिवशी सरांनी विचारलं की क्लाउड म्हणजे काय ते मिलवाल्यांना कसं सांगायचं. मी उत्तर मनात जुळवत होते. ती बोलली. गोदाम, भाडं, पावती, सगळं. वर एक आपलं घातलं, "और सर, गोदाम में उंदीर नहीं है." उंदीर मराठीतच म्हणाली, आणि सर इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसले.

तिनं चोरलं असं मी म्हणू शकत नाही. डब्याच्या वेळी मी जे हळू बोलले ते तिनं मोठ्यानं बोललं, एवढंच. पण त्या दिवसापासून माझ्या मनात काहीतरी बसलं आणि ते उठलं नाही. तिच्या प्रत्येक गोष्टीवर माझं लक्ष जाऊ लागलं. ती फोन उचलताना "हव, बोला ना" म्हणते. चहावाल्याला बिनदिक्कत भैया म्हणते आणि तो तिच्या कपात वरची साय घालतो. चुकीच्या इंग्रजीत ती इंदूरच्या एका कंपनीला ईमेल लिहिते आणि त्यांचं उत्तर येतं, तेही नीट. त्या ईमेलमधल्या सात चुका मी मोजल्या होत्या. सातही पाठ होत्या मला.

मशीन सुरू करायचा दिवस सरांनी मुहूर्त पाहून काढला. जुन्या कॉम्प्युटरवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक होतं, दर दसऱ्याला त्याची पूजा होई. या नव्या मशीनला टिळा कुठं लावायचा यावर बराच वेळ गेला, कारण ती होती मुंबईत. भैया म्हणाले कीबोर्डवर लावा. सर म्हणाले कीबोर्डवर नको, चिकट होतं. शेवटी मॉनिटरच्या कडेला लावला. नारळ जिन्यात फोडला. मग सर म्हणाले की बटण मुलीच्या हातानं दाबू या, शुभ असतं. खोलीत मुली दोन होत्या. सरांनी दोघींकडे पाहिलं, आणि तोपर्यंत तिचा हात माऊसवर होता. मी त्या शहराचं, त्या मशीनच्या आकाराचं, कुलूप-किल्लीच्या फाइलचं, सगळं आधी भरून ठेवलं होतं. तिनं बटण दाबलं. टाळ्या झाल्या. खोबऱ्याचा पहिला तुकडा तिला मिळाला आणि तिनं त्याचा अर्धा मला दिला. मला वाटतं माझा राग सगळ्यात जास्त त्या अर्ध्या तुकड्यावर होता.

एकदा ती स्कूटीवरून मला न्यायला आमच्या क्वार्टरवर आली. मी केस विंचरून बाहेर येईपर्यंत पाच मिनिटं गेली असतील. तेवढ्यात तिनं आईला तिचं गाव विचारलं, तुमसरजवळचं कुणीतरी दोघींच्या ओळखीचं निघालं, आणि आईनं तिला ताटात भाकर वाढून दिली होती.

संध्याकाळी आई म्हणाली, "अशी पाहिजे पोट्टी. आली तर घर कसं बोलून राहिलं होतं."

"मैं भी तो हूँ घर में," मी म्हणाले.

"तू हायेस, पण समजत नाही हायेस म्हणून."

आई हे प्रेमानंच म्हणाली. ती माझी आई आहे.

त्यानंतर मी लपून सराव करायला लागले. ती साडेपाचला निघायची, बीरगांव लांब पडतं म्हणून. जायच्या आधी ती आमची मशीन रोज बंद करायची, जसा आपण निघताना पंखा बंद करतो. मशीन बंद केली तरी आतलं सगळं जागच्या जागी राहतं आणि सकाळी परत सुरू करता येते. भाडं वाचवायची ही तिचीच युक्ती, सरांना आवडलेली. ती गेल्यावर मी अर्धा तास थांबायचे. पण मुंबईत मशीन केली असती आणि एखाद्या दिवशी मोडायची राहिली असती, तर ती तिच्या यादीत दिसली असती. मला तिनं विचारायला नको होतं, दीदी ही कोणाची मशीन. म्हणून मी कोपऱ्यातल्या शहरांच्या यादीत खाली खाली गेले आणि स्टॉकहोम निवडलं. नावावरूनच वाटलं की इथं गुढ़ियारीचं किंवा बीरगांवचं कुणी येणार नाही. रोज तिथं एक मशीन उभी करायची, तिच्यावर भैयांचं सॉफ्टवेअर चढवून पाहायचं, आणि घरी जाण्याआधी ती मोडून टाकून कोपरा पुन्हा मुंबईवर आणायचा. मी हे फार चांगलं करू लागले होते. कुणाला माहीत नव्हतं. माहीत नसण्यातच माझं समाधान होतं, आणि माहीत नाही म्हणून चिडचिडही होती.

दिवसा ती आमच्या मुंबईच्या मशीनवर काम करायची. टिल्ड्याकडच्या एका मोठ्या मिलच्या जुन्या स्लिपा तिनं तीन आठवडे बसून त्यात घातल्या, तपासल्या, नावं सारखी केली. त्या मिलचे सेठ बघायला येणार होते. त्यांना पटलं तर त्यांच्या ओळखीच्या आणखी मिल येणार होत्या. आणि जी त्यांना दाखवेल ती पक्की, हे आता कुणी बोलत नव्हतं, पण ठरलेलं होतं. डब्याच्या वेळी ती मला म्हणाली होती, "दीदी, इथं नाही झालं तर बाबा म्हणतात त्यांच्याच कारखान्यात पॅकिंगले लाव. ठेकेदार ओळखीचा हाय." मग हसली. "तिथं बोलाले नाही भेटत, मशीनचा आवाजच एवढा."

मी म्हणाले, "हो जाएगा." मला तसं वाटत नव्हतं. मला व्हायलाच नको होतं.

सेठ येण्याच्या आदल्या संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे स्टॉकहोममध्ये होते. आईचा फोन आला की वडिलांची ड्यूटी बदलली आहे, येताना कोथिंबीर आण. मी मशीन मोडली, पान बंद केलं आणि निघाले. कोपरा मुंबईवर आणला नाही. हे मात्र मी मुद्दाम केलं नव्हतं. मी ते आजही तितक्याच ठामपणे सांगू शकते, कारण त्यानंतरचं सगळं मुद्दाम होतं.

सेठ लोक कधीच वेळेवर येत नाहीत, म्हणून हे सेठ अर्धा तास आधी आले. पांढरा सफारी, बरोबर मुनीमजी. भैया त्या दिवशी एका मिलमध्ये गेलेले. ती नुकतीच स्कूटी लावून वर आली होती, ओढणी अजून तोंडाला बांधलेली. सरांनी सेठना खुर्ची दिली आणि तिला म्हणाले, "चलो बेटा, दिखाओ."

तिनं ओढणी सोडली, लॉगिन केलं, मशीनची यादी उघडली. यादी रिकामी होती.

तिनं पान पुन्हा उघडलं. पुन्हा रिकामं. मी सरांच्या मागे चहाचा ट्रे धरून उभी होते, आणि मला तिथून उजवा कोपरा स्वच्छ दिसत होता. स्टॉकहोम. एवढा लहान शब्द, करड्या रंगात. पान शेवटचं शहर लक्षात ठेवतं, हे मी वाचलेलं होतं. तिच्या वहीत ते नव्हतं.

"सर, मशीन दिसून नाही राहिली," ती म्हणाली. घाबरली की तिचं हिंदी सुटून मराठी यायचं.

"दिसत नाही म्हणजे?" सरांची सासुरवाडी नागपूरची, मराठी त्यांना समजतं आणि रागात येतंसुद्धा.

"काल संध्याकाळी मी बंद केली होती. रोज करते."

"बंद की थी या डिलीट?"

ती गप्प झाली. मी तिला पहिल्यांदा गप्प पाहत होते. तिचं बोट माऊसवर होतं आणि ते हलत नव्हतं. ती आठवत होती, खरोखर आठवत होती, की काल आपण कोणतं बटण दाबलं.

"माहीत नाही, सर. बंदच केली असन. पण माह्याच हातानं झालं असन, दुसरं कोणी नव्हतं."

सरांनी भैयांना फोन लावला. स्पीकरवर भैयांच्या मागे मिलची घरघर होती. "डिलीट हुआ तो गया, सर," ते ओरडून म्हणाले. "उसमें कचरापेटी नहीं होती."

मग सर माझ्याकडे वळले. "तुम्हें कुछ पता है?"

मी मान हलवली. नाही.

कुणाला त्यात काही वेगळं वाटलं नाही. मी नेहमी मानच हलवते. मी आयुष्यभर लाजत आले आणि त्याचा मला कधी काही उपयोग झाला नव्हता, तो त्या दिवशी झाला. त्याच्या आड काहीही ठेवता येत होतं.

सेठ चांगले होते. चहा प्यायले, म्हणाले, "कोई बात नहीं, फिर आ जाएँगे, सदर तो आना होता ही है." मुनीमजी मात्र जिना उतरताना म्हणाले, "हमारा रजिस्टर कभी डिलीट नहीं हुआ." सरांनी ते ऐकलं. वर येऊन ते तिला ओरडले नाहीत. म्हणाले, "तुम आज से एंट्री पे बैठो. नई मशीन ये बनाएगी." आणि पंधरा दिवसांनी सेठ परत येणार, तोवर सगळं परत भरायचं.

अशी ती खुर्ची मला मिळाली. तिनं स्वतः माझ्यासाठी मागे ओढली, आपली वही उचलली आणि भिंतीकडच्या एंट्रीच्या कॉम्प्युटरपाशी जाऊन बसली. सेठच्या मिलच्या स्लिपांचे गठ्ठे पुन्हा तिच्यापुढे आले.

मी चाळीस मिनिटांत नवी मशीन उभी केली. सर मागे उभे राहून बघत होते. "अरे, तुम्हें तो सब आता है," ते म्हणाले. किती आठवडे मी या वाक्याची वाट पाहिली होती. ते कानात पडलं आणि मला काहीच झालं नाही, कारण त्या वेळी मी वेगळ्याच विचारात होते. ही मशीन मला स्टॉकहोममध्येच करावी लागली होती. मुंबईवर गेले असते तर तिची मशीन यादीत समोर उभी राहिली असती, तीन आठवड्यांच्या स्लिपांसकट, बंद करून ठेवलेली, काहीही न झालेली.

दोन दिवस मी स्वीडनमधून काम केलं. सर एकदा म्हणाले, "पेज थोड़ा धीरे खुल रहा है ना?" मी मान हलवली. रोज सकाळी कुणी यायच्या आत मी यायचे, संध्याकाळी सगळे गेल्यावर जायचे, कुणी चुकून त्या कोपऱ्यावर हात ठेवू नये म्हणून. एकदा मी मुंबई उघडून पाहिलीही. होती. तिनं मशीनला नाव दिलं होतं, 'धान-१'. मी पटकन बंद केलं.

आणि इतकं होऊनही मला तिचा हेवा वाटायचा थांबला नव्हता. मला वाटलं होतं खुर्ची मिळाली की तो जाईल. भिंतीकडे तोंड करून ती स्लिपा टाइप करायची, आणि चहावाला आला की तिच्या कपात अजूनही साय पडायची. ती कुणावर रुसली नव्हती. भैया परत आले तेव्हा त्यांनी चिडवलं, "क्या बहन, पूरा गोदाम उड़ा दिया?" तर म्हणाली, "हव भैया, उंदरासकट." भैया हसले, तीही हसली. मग तोंड फिरवून तिनं नाक पुसलं. ते फक्त मी पाहिलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी सरांनी तिला सांगितलं की जे चुकलं ते एका कागदावर लिही, आपण छापून मॉनिटरपाशी लावू, पुढं येणाऱ्याला उपयोगी पडेल. ते खरंच शिक्षा म्हणून नव्हतं. सरांना असे कागद लावायची सवय आहे, जिन्यातल्या लाइटपासून पाण्याच्या कूलरपर्यंत. ती वही आणि कागद घेऊन माझ्या खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसली. भैया समोर जेवत होते. सरांच्या केबिनचं दार उघडं होतं.

"दीदी, मी वहीतलं सगळं पाहिलं," ती म्हणाली. "एक एक करून. बंद करायचं बटण अन् डिलीटचं बटण एकाच यादीत हाय, वर-खाली. पण मी तं रोज पाहून दाबते. मग कसं झालं असन?"

मी स्क्रीनकडे बघत राहिले.

"रात्री झोपच नाही येत. डोळे मिटले का ते यादीच दिसते." तिनं कागद माझ्यापुढे सरकवला. "हे लिहिलं मी. इंग्रजी तुमी करून द्या, तुमचं चांगलं हाय."

गोल, मोठ्या, सरकारी शाळेतल्या अक्षरात तिनं हिंदीत लिहिलं होतं की शाम को मशीन बंद न करें, बंद करने से मशीन जा सकती है. खाली स्वतःचं नाव घालून लिहिलं होतं की यह गलती मुझसे हुई.

मी ते दोनदा वाचलं. पहिली ओळ खोटी होती. मशीन बंद केल्यानं जात नाही, हे मी कितीतरी वेळा वाचलं होतं, स्वतः करून पाहिलं होतं. उद्या हा कागद मॉनिटरला लागणार होता. पुढची मुलगी येईल ती हे वाचून शिकेल, ती आणखी कुणाला शिकवेल, आणि ते चूक असेल. कारण ते माझ्या मान हलवण्यातून निघालं होतं. आणि दुसरी ओळ. तिला चूकसुद्धा माझ्याहून चांगली कबूल करता येत होती, तीही न केलेली. एका ओळीत, नाव घालून, खाडाखोड न करता. त्या क्षणीदेखील मला आधी तेच वाटलं, की हे हिला कसं जमतं. वाईट वाटणं त्याच्या मागून आलं.

"बरोबर हाय ना, दीदी?" ती म्हणाली. "का अजून काही लिहाले पाहिजे?"

भैयांनी डब्याचं झाकण लावलं. मी कोपऱ्यातल्या शहरावर माऊस नेला. गप्पच राहून नुसती मुंबई उघडून दाखवता आली असती. म्हणता आलं असतं, अरे, ही बघ, सापडली. सगळे खूश झाले असते, मीही सुटले असते, खुर्चीही कदाचित माझीच राहिली असती. माझा हात तिथं थांबला. मी तोंड उघडलं तर हिंदी आलंच नाही, आईचं मराठी आलं, आणि आवाज सरांच्या केबिनपर्यंत जाईल एवढा मोठा होता.

"नाही, बरोबर नाही. तुह्यानं काहीच नाही झालं. तुही मशीन मुंबईत तशीच हाय, स्टॉकहोम मी करून ठेवलं होतं. अन् सरांनी मले विचारलं ना, तेव्हा मले माहीत होतं."